पाहुणे येईपर्यंत

शनिवारवाडा ही पुण्यातली फार उपयोगी वास्तू. रिक्षावाल्याला खूण सांगायला, मित्राची वाट बघायला, समोरच्या पटांगणात सभा भरवायला. आत जायला मात्र नाही. ती सोय नागपूरहून आलेल्या मावशींसाठी राखीव. 1828च्या आगीत आतले महाल जळाले, त्यामुळे "आता बघायला उरलंय काय?" हे उत्तर तयारच असतं.

पाताळेश्वराला तीही सबब नाही. आठव्या शतकातलं, अखंड कातळात कोरलेलं लेणं, तेही भर जंगली महाराज रस्त्यावर! पुणेकर तिथे गाडी लावायला जागा शोधतो आणि मिळाली की खरेदीला पळतो. लेणी बघायला तो रजा काढून, डबा बांधून वेरूळला जातो.

कहर केळकर संग्रहालयाचा. कोथरूडचा मस्तानी महाल तिथे आणून पुन्हा उभारलाय. त्याच भागात मस्तानीसाठी रांगही लागते, पण आइस्क्रीमवाल्या. महाल कुठे, विचारा, पुणेकर पत्ता अचूक सांगेल, तुमचे उच्चार सुधारेल आणि वर बजावेल, "दुपारी जाऊ नका, बंद असेल."

संग्रहालय दुपारी उघडं असतं.