उन्हाळी हक्करक्षक

गूगलची धोरण-फेलोशिप २००८च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सुरू झाली. विद्यार्थ्याने दहा आठवडे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनसारख्या संस्थेत बसून खासगीपणा, कॉपीराइट यांवर टिपणे लिहायची आणि त्याचे पैसे (२००८मध्ये ७,००० डॉलर) गूगलने द्यायचे, अशी ही योजना. यातल्या काही संस्था गूगललाही धारेवर धरतात; म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची, तोच राखणदाराचा पगार भागवतो. फेलोचे काम दहा आठवड्यांत उरकते; कायद्यांना मात्र अशी घाई नसते. युरोपीय संघाच्या एआय कायद्याचा मसुदा एप्रिल २०२१मध्ये मांडला गेला. तो लागू झाला ऑगस्ट २०२४मध्ये, तोही टप्प्याटप्प्याने. तेवढ्या वेळात फेलोंच्या चार तुकड्या इशारे देऊन मोकळ्या होतात. उन्हाळा सरला, की कॉलेजे उघडतात आणि नागरिकांचे हक्क पुढच्या जूनपर्यंत आपापल्या जबाबदारीवर राहतात.