बाजूला कोणी व्हायचं?

समुद्रावरचा एक नियम मला फार आवडतो. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारात तो लिहिला गेला आणि 1977 पासून लागू आहे. इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यायची आणि जाळं टाकलेल्या मासेमारी बोटीला तर द्यायचीच. ज्याला चटकन वळता येत नाही त्याच्या वाटेतून, ज्याला वळता येतं त्याने दूर व्हायचं. एवढाच त्यातला हिशेब. जहाज कोणाच्या मालकीचं, कॅप्टनला मीटिंगला उशीर होतोय का, असले प्रश्न त्यात येत नाहीत. रात्री जाळं पाण्यात असेल तर बोटीवर वर लाल आणि खाली पांढरा दिवा लावायचा (ट्रॉलर असेल तर वरचा हिरवा), म्हणजे येणाऱ्याला लांबूनच कळतं की इथे माणूस कामात आहे, आपण वळून जावं.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातला तांडेल हा नियम कलमानिशी सांगणार नाही, पण त्याच्या अंगात तो मुरलेला असतो. बोट लावून, जाळी आवरून तो वस्तीबाहेर पडतो आणि कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाच्या कडेला येऊन उभा राहतो. इथून पुढे जग उलटं. ज्याच्याकडे इंजिन त्याची वाट, आणि ज्याच्याकडे नुसते पाय त्याने वळायचं, थांबायचं, पळायचं, प्रसंगी उडी मारायची.

या वस्तीचं नाव बाहेरच्यांना 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यामुळे कळलं, शेजारच्यांना बोंबील-कोळंबीमुळे आधीपासून ठाऊक होतं. एका अंगाला समुद्र, शेजारी रेल्वेचं बधवार पार्क, पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि मान मोडेपर्यंत वर बघायला लावणाऱ्या इमारती, आणि मधून नरिमन पॉइंटकडे धावणारा रस्ता. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कफ परेड तयार केलं तेव्हा समुद्राकाठी निवांत फेऱ्या मारायची ती जागा होती. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत भरणी झाली, समुद्र मागे हटला, इमारती पुढे आल्या आणि फेऱ्या मारायचं काम मोटारींनी अंगावर घेतलं.

मुंबईकर रस्ता कसा ओलांडतो हे पाहत उभं राहणं हा माझा फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम आहे. ऑफिसवाला आधी घड्याळ बघतो, मग गाडी बघतो, आणि दोन्ही जवळ आल्यावर धावतो. कॉलेजची मुलं घोळक्याने निघतात; घोळक्यातला प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर असतो, त्यामुळे गाडीकडे कोणीच बघत नाही. आजोबा निम्म्यापर्यंत जातात, तिथे त्यांना काहीतरी आठवतं आणि ते परत फिरतात. या सगळ्यांत समान असतो तो उजवा हात. येणाऱ्या गाडीच्या दिशेने तळवा पुढे धरायचा, गणपतीने भक्ताला द्यावं तसं अभय द्यायचं आणि पुढे सरकायचं. वास्तविक अभय हवं असतं आपल्याला. पण मागायची पद्धत देणाऱ्याची.

या हाताशिवाय रस्ता ओलांडणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे: मच्छीमार नगरातून निघालेली कोळीण. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, एक हात पाटीला आणि दुसऱ्यात पिशवी. अभय द्यायला हात मोकळाच नाही. ती धावत नाही, कारण पाटी सांडेल. मध्येच थबकत नाही, कारण ओझ्याखाली पुन्हा चाल धरणं जड जातं. फुटपाथवरून उतरताना जी चाल, तीच पलीकडे चढताना. ती गेल्यावर पाटीतून ठिबकलेल्या पाण्याचे थेंब रस्त्यावर बघावेत: ओळ सरळ, आणि दोन थेंबांतलं अंतर सारखं. एकदा तिच्यामागून एक कॉलेजकन्या निघाली आणि गाडी दिसताच दचकून पुढे-मागे करू लागली. मावशी मान न वळवता म्हणाली, “धावू नको गो बाय, नी थांबू पन नको. सरल चाल. त्याला कलू दे तू कुठं चाललीस ती.”

हाही समुद्राचाच नियम आहे. ज्याला वाट मिळायची आहे त्याने आपली दिशा आणि वेग बदलायचा नाही, म्हणजे समोरच्याला अंदाज येतो. आणि ज्याने वाट द्यायची त्याने ती वेळीच द्यायची, आणि अशी ठळक द्यायची की पलीकडच्याला ती दिसली पाहिजे. आपल्याकडचे गाडीवाले हा दुसरा भाग गाळतात. ते झेब्रावर येऊन, पुढची चाकं पलीकडे आणि मागची अलीकडे ठेवून थांबतात आणि थांबलो तर खरे अशा चेहऱ्याने बघतात. मावशीला मात्र त्यातल्या त्यात मान असतो. कोळंबीचं पाणी बॉनेटवर सांडण्याची धास्ती मोटार वाहन कायद्यापेक्षा मोठी.

कायदा नाही असं नाही. सिग्नल नसलेल्या झेब्रावर माणूस दिसला की थांबून त्याला जाऊ द्यावं, हे 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत लिहिलेलं आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगे फुटपाथ हे राज्यघटनेच्या 21 व्या कलमाखालच्या जगण्याच्या हक्कातच मोजले. म्हणजे फुटपाथपुरती जगण्याची सोय झाली. फुटपाथ संपल्यावर पुढचा फुटपाथ येईपर्यंत ज्याने त्याने सांभाळायचं.

सिग्नलच्या दिव्यातल्या माणसाबद्दलही बोलायला हवं. 2020 च्या ऑगस्टात दादर परिसरातल्या सिग्नलांवर महापालिकेने बाईची आकृती आणली. चांगलं केलं, इतकी वर्षं हिरव्या दिव्यात पुरुषच चालत होता आणि लाल दिव्यातही तोच उभा राहत होता, जे प्रत्यक्षात फारसं घडत नाही. पण ती बाई फ्रॉक घालून आली. दादरला, फुलबाजाराच्या पंचक्रोशीत, फ्रॉक! मच्छीमार नगरापर्यंत ती कधी पोचली तर तिला कासोट्याचं लुगडं नेसवावं आणि डोक्यावर पाटी द्यावी, एवढी माझी नम्र सूचना आहे.

पाटीचा मुद्दा थट्टेचा नाही, कारण हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा हे कोणाच्या तरी चालीवरून ठरतं. अमेरिकेत हिशेब सेकंदाला चार फूट असा होता, तो 2009 साली साडेतीन फुटांवर आणला. साठ फुटी रस्ता घेतला तर पंधरा सेकंदांचे सतरा झाले. दोन सेकंद म्हणजे काही नाही असं गाडीत बसून वाटतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या दोन सेकंदांत दुभाजक गाठता येतो. सिंगापुरात त्याच वर्षी वेगळीच युक्ती निघाली. ज्येष्ठ नागरिकाने आपलं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त चालतो. मुंबईत ही सोय आली तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नातवाच्या खिशात आजीचं कार्ड निघेल याबद्दल मला शंका नाही. तरी आणावी. निदान त्या निमित्ताने आजीची चौकशी होईल.

आपल्याकडे मात्र दिवा वाढवण्यापेक्षा माणूस वर चढवण्याकडे ओढा. 2008 साली बांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला, मग शहरभर होत गेले. कल्पना अशी की मोटारी जमिनीवर राहतील आणि माणसं हवेत. आता दीड टनाची गाडी उजव्या पायाच्या अंगठ्याने चढ चढते. पाटी घेतलेली मावशी दोन मजले चढते ती स्वतःच्या गुडघ्यांवर. समुद्राचा नियम इथे लावला तर जिना कोणाच्या वाट्याला यायला हवा? याचं उत्तर म्हणजे फुटपाथच्या उंचीला आणलेला झेब्रा. माणूस सपाटीवरून चालत जातो, चढउतार गाडीला करावा लागतो आणि त्यापायी ती आपोआप हळू होते. मध्ये दुभाजकावर दोन माणसं आणि एक पाटी मावेल एवढी जागा, झेब्राच्या अलीकडे गाडी उभी करायला बंदी म्हणजे आडून कोण येतंय ते दिसेल, वर एक धड दिवा. यात रॉकेट उडवायचं काही नाही. दादरला भर रस्त्यात कबुतरांसाठी बेट बांधून आपण ते वर्षानुवर्षं सांभाळलं. माणसांसाठी बांधणं त्याहून सोपं जावं.

समुद्रावर सगळं आलबेल असतं असंही मी म्हणत नाही. अरुंद खाडीत नियम फिरतो आणि तिथे मासेमारी बोटीनेच मोठ्या जहाजांना अडवायचं नसतं. आणि नियम असूनही 7 ऑगस्ट 2010 ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन भलीमोठी जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळलीच. कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं, लोकांनी मासे खाणं सोडलं आणि धंदा बसला तो कोळ्यांचा. दोन मोठ्यांच्या टकरीत तिसऱ्याची पाटी सांडते, हे पाण्यावरही खरं आहे. फरक इतकाच की तिथे निदान चूक कोणाची हे विचारण्यासाठी एक नियम हाताशी असतो. रस्त्यावर पहिला प्रश्न असतो, “मध्ये कशाला आला होता?”

उंच झेब्राची एकच अडचण मला दिसते. पावसाळ्यात आजूबाजूला पाणी साचलं की तेवढीच जागा कोरडी राहील. मग छत्रीवाले तिथे उभे राहतील, कुत्री येऊन झोपतील, आणि मावशी पाटी उतरवून तिथेच बसेल. गाड्या तेव्हा थांबतील. ओळीने थांबतील, काचा खाली करतील आणि विचारतील, “मावशी, बोंबील कसे दिले?”