आंबा संपला, जाहिरात चालू आहे

हापूसचा मोसम संपला हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस झोडपून जातो, फळाला डाग पडतात, उरलासुरला माल क्रेटमध्ये भरून कॅनिंगच्या टेम्पोत चढतो आणि माणसं आगोटीच्या तयारीला लागतात. मृगाच्या किड्यालासुद्धा ते समजतं. समजलं नाही ते एका जाहिरातीला, आणि ती जाहिरात माझी होती.

आमचा धंदा म्हणजे असा. देवगडजवळ माझ्या चुलत भावाची, दादाची, कलमं आहेत. तो पेट्या पाठवतो, मी पुण्यात विकतो. विकतो म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, ऑफिसातल्यांना गळ घालतो आणि दोन महिने आमच्या सोफ्यामागे अढी लागते. पाहुणे चहा घेता घेता पेंढ्यात हात घालून फळं चाचपतात आणि ‘अजून चार दिवस’ असा निकाल देऊन जातात. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं. सुरळीत म्हणजे दोघांनाही तोटा होत नव्हता. आमच्याकडे यालाच भरभराट म्हणतात.

मग भाच्याचा फोन आला. तो टोरांटोला मार्केटिंग शिकतो.

“मामा, तू अजून सोसायटीच्या ग्रुपवर आंबे विकतोस? तुला स्केल करायचं नाहीये का?”

स्केल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण करायचं नाही असं म्हणायला जीभ रेटली नाही. व्हिडिओ कॉलवर बसलो. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, इकडे मी सकाळची अंघोळ करून, कपाळाला गंध लावून तयार. पेजवर जाहिरातीसाठी पेटीचा फोटो चढला. कार्डाचा नंबर दिला. ‘हा ओटीपी कुणालाही सांगू नका’ असा बँकेचा संदेश आला, तो मी अथपासून इतिपर्यंत ओटीपीसकट टोरांटोला वाचून दाखवला.

“इंटरेस्ट काय टाकू?” भाच्याने विचारलं.

“मँगो टाक. आणखी काय टाकणार?”

त्याने इंग्रजीत मँगो टाइप केलं, पहिलं जे आलं ते निवडलं. आकडा अवाढव्य दिसला. एवढे आंबाप्रेमी! ऊर भरून आला.

“एंड डेट?”

“शेवटची तारीख कशाला? लोकांना कळायला वेळ लागतो. आपण थांबवेपर्यंत चालू दे.”

हे वाक्य माझंच. भाचा आजही ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतो.

जाहिरातीचं खातं त्याने काढलं म्हणून तो अ‍ॅडमिन झाला आणि मला त्याने अ‍ॅनालिस्ट केलं. मला पद आवडलं. ऑफिसात मी वरिष्ठ लिपिक आहे. अ‍ॅनालिस्ट होण्याची संधी आमच्या खात्यात निवृत्तीपर्यंत येत नाही. दोन-चार जणांना मी सहज बोलता बोलता सांगूनही टाकलं. या पदाचे अधिकार काय, ते नंतर कळले. अ‍ॅडमिन पैसे भरू शकतो, माणसं आत-बाहेर करू शकतो. अ‍ॅडव्हर्टायझर जाहिरात चालू-बंद करू शकतो. अ‍ॅनालिस्ट बघू शकतो. माझ्या पैशांचं काय होतंय हे पाहण्याचा पूर्ण अधिकार मला होता.

आणि मी पाहत होतो. रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायचं. आज इतक्या हजारांपर्यंत पोहोचली, काल त्याहून कमी. आयुष्यात माझं म्हणणं एकावेळी चार माणसांपर्यंत पोहोचलेलं नाही, त्यांतली दोन घरची. इथे हजारो! त्यांतल्या किती जणांनी पेटी घेतली, असं बायकोने विचारलं. तो रकाना वेगळा असतो, असं मी तिला सांगितलं.

प्रतिसादही येत होते. एका मुलीने विचारलं, “एम साइज अव्हेलेबल आहे का?” मी तत्परतेने लिहिलं, “हो. मध्यम फळ, दोनशे ते अडीचशे ग्रॅम.” तिने नुसती प्रश्नचिन्हं पाठवली. दुसरीने सेल कधी लागणार ते विचारलं, तिसरीला बदलून मिळेल का ते हवं होतं. बदलून देण्याबद्दल मी बराच विचार केला, कारण साका निघाला तर फळ बदलून द्यायची आमची रीतच आहे. तसं कळवलंही. मँगो नावाचा स्पेनमधला कपड्यांचा एक मोठा ब्रँड आहे आणि माझी पेटी त्याच्या चाहत्यांच्या डोळ्यांसमोर नाचते आहे, हा उलगडा आमच्या कन्येने केला. केला म्हणजे ती हसत जमिनीवर बसली आणि बऱ्याच वेळाने बोलली.

भाच्याने दुरुस्ती केली. आता एक गंमत. अशा जाहिरातीला आधी शिकाऊ काळ असतो. कुणाला दाखवली की काम होतं, हे यंत्र हळूहळू शिकतं. आठवड्यात साधारण पन्नास वेळा काम झालं की ते शिकलं असं मानतात. मधेच मोठा बदल केला की पाटी कोरी. आम्ही सारखे बदल करत होतो. मी रोज एक सूचना द्यायचो, भाचा ती अमलात आणायचा आणि यंत्र बिचारं पुन्हा मुळाक्षरांवर यायचं. अखेर सूचना संपल्या, यंत्राला निवांतपणा मिळाला आणि ते शिकलं. नेमकं त्याच सुमारास दादाचा फोन आला, “शेवटचो टेम्पो गेलो. आता फुडल्या वर्साक.”

दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी यायला लागल्या. खऱ्या. पेटीच्या. बाणेरहून, कोथरूडहून. आंबा संपला असं मी प्रत्येकाला नम्रपणे कळवत होतो आणि तसं कळवता यावं म्हणून जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला पैसे देत होतो.

थांबवायचं ठरलं. मी आधी मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकलं. त्यामुळे एवढंच झालं की जाहिरात चालू आहे हे मला दिसेनासं झालं. तो आठवडा फार सुखात गेला.

मग भाच्याला निरोप धाडला. त्याची परीक्षा होती, पण पोरगा गुणी. त्याने पहाटे उठून बंद केली. एक. अशा खात्यात वर मोहीम असते, तिच्या पोटात संच, संचाच्या पोटात जाहिराती, आणि माझ्याच आग्रहावरून आम्ही तीन फोटोंच्या तीन जाहिराती केल्या होत्या. खर्चाचा आकडा बांधलेला होता मोहिमेला. अढीतलं एक फळ काढलं की शेजारची सरकून जागा भरतात, तसं त्या एकीच्या वाटचे पैसे उरलेल्या दोघींनी वाटून घेतले. खर्च पैशानेही कमी झाला नाही.

बिलाची पद्धत तर त्याहून रसाळ. कंपनी आधी उधारीवर जाहिरात दाखवते. एका ठरावीक रकमेला पोचलं की कार्डातून कापून घेते. पैसे वेळेवर मिळत गेले की ती मर्यादा वाढवते. माझी दोनदा वाढली, तेव्हा मला चक्क अभिमान वाटला होता. पत वाढते आहे! शिवाय दिवसाला पाचशे ठरवले म्हणजे दिवसाला पाचशेच जातात, असं नव्हे. एखाद्या दिवशी जास्त जातात, एखाद्या दिवशी कमी. आठवड्याचा हिशेब सातपटीच्या आत बसवला की झालं. आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकलं.

“काका, पैसे कापायच्या आदल्या दिवशी तुम्हाला मेसेज येत असेल ना?”

“छे. नुसते फसवणुकीचे मेसेज येतात. अमुक कंपनीला तमुक रक्कम उद्या जाणार, नको असेल तर इथे दाबा. मी असले लगेच डिलीट करतो. दोन नंबर तर स्पॅम म्हणून रिपोर्टसुद्धा केलेत.”

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने मला समजावलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना किमान चोवीस तास आधी द्यावी लागते आणि त्यात नको म्हणायची सोयही द्यावी लागते. दर वेळच्या ओटीपीशिवाय किती जाऊ शकतं त्याला मर्यादा आहे. ती पाच हजार होती, जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. थोडक्यात, देशाच्या मध्यवर्ती बँकेने माझ्यासारख्यांसाठी मुद्दाम एक दार ठेवलं होतं आणि मी ते दर वेळी सावधपणे आतून लावून घेत होतो. सायबर सुरक्षेवरचं ऑफिसातलं व्याख्यान मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं, त्याचा हा परिणाम.

“आता यापुढचा मेसेज आला की रद्द करा,” ती म्हणाली.

शहाण्याने तेवढंच केलं असतं. पण मी इरेला पेटलो होतो. “कार्डच बंद करा!”

कार्ड बंद झालं. पुढचा हप्ता परत गेला आणि जाहिरात त्याच दिवशी थांबली. मी घरी श्रीखंड आणलं. त्यानंतर आईचा मोबाइल बंद पडला, कारण त्याचं रिचार्ज त्याच कार्डावर होतं. विम्याचा हप्ता परत गेला. बायकोची मालिका अशा प्रसंगावर अडली, की सून दार उघडते आणि दारात कोण आहे ते आमच्या घरात कुणालाही कळलं नाही. श्रीखंड मी एकट्याने खाल्लं.

इकडे कंपनीची पत्रं सुरू झाली. थकबाकी आहे. कृपया भरा. थकबाकी आजवर कुणाची ठेवली नाही, वाण्याचीसुद्धा. नवीन कार्ड आलं, भाच्याला फोन केला, नवा ओटीपी पुन्हा एकदा टोरांटोला वाचून दाखवला. बाकी चुकती झाली. खातं स्वच्छ झालं. आणि खातं स्वच्छ झालेलं पाहून दोन्ही जाहिराती उठून कामाला लागल्या, कारण मोहिमेचं बटण कुणी बंद केलंच नव्हतं. पैशाअभावी त्या नुसत्या बसून होत्या.

तोवर पुण्यात पाऊस चांगला लागला होता. एके संध्याकाळी छत्री निथळत एक गृहस्थ दारात. “पेटी न्यायला आलोय.” मी आंबा संपल्याचं सांगितलं. त्यांनी मोबाइल पुढे केला. पेंढ्यात मांडलेली केशरी फळं, खाली माझ्याच तोंडची ओळ: ‘आजच मागवा, थेट बागेतून.’

“मग ही काय आहे?”

“ती थांबत नाहीये,” मी म्हणालो.

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. अखेर बायकोने श्रावणासाठी जपून ठेवलेला आमरसाचा साडेआठशे ग्रॅमचा डबा आणून त्यांच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. घ्यायची हिंमत झाली नाही.

त्या रात्री मी कंपनीच्या मदत कक्षाशी चॅटवर भांडायला बसलो. मोठा परिच्छेद लिहिला, त्यात ‘ग्राहक’ हा शब्द दोनदा अधोरेखित केला. उत्तर अतिशय गोड आलं. आपली अडचण आम्ही समजू शकतो. मात्र आपण अ‍ॅनालिस्ट असल्यामुळे बिलाविषयी आपल्याशी बोलता येणार नाही, कृपया आपल्या अ‍ॅडमिनला संपर्क करायला सांगा. खाली विचारलं होतं, या संभाषणाला किती तारे द्याल?

अ‍ॅडमिनची परीक्षा एकदाची संपली. त्याने मोहीमच बंद केली, आणि करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मला अ‍ॅडमिन करून टाकलं. तरीही महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आणखी एक रक्कम कापली गेली. मी पुन्हा बँकेच्या दिशेने निघालो होतो. भाच्याने रस्त्यातच फोनवर गाठून समजावलं की हे नवं नाही. मर्यादेला पोचायच्या आत जेवढी बाकी उरते, तेवढी महिन्याच्या तारखेला वळती होते. जाहिरात आधी मेली, हे तिचं तेराव्याचं.

सगळी बिलं छापून सीएकडे नेली. निदान जीएसटी तरी परत मिळेल, असा माझा हिशेब. त्याने पानं उलटली.

“नंबर नाही टाकलात तुमचा.”

“आता टाकला तर?”

“टाकून काय करणार? ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही. करमुक्त मालाला क्रेडिट कशाचं? नोंदणीचीही गरज नाही तुम्हाला.” मग फाइल मिटताना त्याने विचारलं, “बाय द वे, पेटी मिळेल का एखादी? परवा कुठेतरी जाहिरात पाहिली.”

गणपतीला गावी गेलो तेव्हा दादाने हिशेब विचारला. आरती झाली होती, ओटीवर सुपारी कातरणं चाललं होतं. जाहिरातीला किती गेले, असं त्याने इतक्या हलक्या आवाजात विचारलं, की खरं सांगावंसं वाटलं. मी आकडा सांगितला. अडकित्ता थांबला.

“तेवढ्या पैशात माकडांका हाकलूक एक माणूस ठेवलो असतो,” दादा म्हणाला, आणि पुन्हा कातरायला लागला.

मी सांगितलेला आकडा जीएसटी सोडून होता.