बाटलीतली दारू, भांड्यातलं सरबत

मराठी मध्यमवर्गाचा दारूला विरोध नसतो, बाटलीला असतो. टेबलावर बाटली दिसली की घरातली वडीलधारी मंडळी देवघराकडे बघतात. तोच ऐवज काचेच्या मोठ्या भांड्यात ओतून वर संत्र्याच्या चकत्या सोडल्या, की "मलाही दे रे घोटभर" अशी फर्माईश येते. या चमत्काराला पंच म्हणतात, आणि त्याच्या जडणघडणीत आपल्या किनाऱ्याचा वाटा मोठा आहे.

सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे गोरे इथे घामाघूम होऊन बसले होते. विलायती पेयं सहा-सहा महिने समुद्रात. मग त्यांनी गोव्याच्या अरकाला लिंबू-साखरेची संगत दिली. १६९४ मध्ये मुंबई सरकारनं हुकूमच काढला: गुत्त्यावर पंच प्यायला येणाऱ्यानं जवळपास लिटरभर चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपण कालवावा. मुंबईतली सेल्फ सर्व्हिस इतकी जुनी आहे.

त्याच सुमारास स्पेनमध्ये इंग्रज आरमाराच्या ॲडमिरल रसेलनं म्हणे बागेतल्या कारंज्याच्या हौदातच पंच केला आणि तो वाढायला एक पोरगा होडीतून फिरत होता. हा किस्सा आमच्या सोसायटीत सांगायची सोय नाही. टाकी धुवायची तारीख जवळ आली आहे.

पुढे साहेब मायदेशी गबर झाला आणि पंचात शॅम्पेन फेसाळू लागली. इंग्लंडच्या रीजंट राजपुत्राच्या नावानं जो पंच गाजला, त्यात शॅम्पेनसोबत चक्क चहा असे. आपल्याला तेवढं लांब जायला नको, स्पार्कलिंग वाईन आता नाशकात होते.

असा पंच घरी करायचा तर आदल्या रात्री लिंबांची नुसती पिवळी साल साखरेत चुरडून ठेवावी. साखर सालीतलं तेल ओढून घेते, खरा सुगंध तिथेच असतो. त्यात लिंबाचा रस, गार कोरा चहा आणि किसलेलं जायफळ घालावं. बर्फ डब्यात गोठवलेला, एकच मोठा. लहान खडे भराभर विरघळून पंच पाणचट करतात. वाईनची बाटली चांगली गार हवी. आत मोटारीच्या टायरच्या जवळपास तिप्पट दाब असतो, म्हणून बूच घट्ट धरून बाटली फिरवावी. वाईन अगदी शेवटी, कडेकडेनं ओतावी. त्यानंतर डाव लपवून ठेवावा. आपल्याकडे भांडं दिसलं की येणारा-जाणारा ढवळतोच, आणि बुडबुडे बिचारे जीव सोडतात.

आमच्या आत्यानं पेला हातात घेऊन चौकशी केली, "यात काय काय आहे?"

"वाईन आहे, आत्या. चहाही आहे."

"चहा आहे ना? मग मी तो चहातच धरते."

दुसरा पेला संपवून तिनं निकाल दिला, "चहा जरा कडक हवा होता."