फुकटची मतदारयादी

देवासात पूर्वी थोरली पाती आणि धाकटी पाती अशा पवारांच्या दोन गाद्या होत्या, त्यामुळे २०२२ च्या जुलैत भाचा पार्षदपदासाठी उभा राहिला आणि आमच्या घरातही दोन पात्या पडल्या, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. पहिली पाती धारच्या मेहुण्यांची. राजा भोजाच्या गावचे असल्यानं त्यांचा हात सढळ. ते म्हणाले, अमक्या कंपनीचं ॲप घ्या, नाव टाकलं की बूथ, खोली, अनुक्रमांक सगळं समोर, आणि खिशातल्या प्रिंटरमधून पर्ची बाहेर. किंमत ऐकून भाचा गप्प झाला. मग मी, ज्याला घरातला वायफाय बंद पडला की शेजारच्या चिंटूला हाक मारावी लागते, बोलून गेलो, "मुक्त सॉफ्टवेअर असताना पैसे कशाला? लोकांच्या नोंदी ठेवणारं सिव्हीसीआरएम आहे, २००५ पासून जगभरच्या संस्था वापरताहेत, तेही फुकट." हिनं पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सॉफ्टवेअर मिळालं, पण त्यात भरायला यादी हवी, आणि यादी होती पानांचे फोटो काढल्यासारखी. त्यात नाव शोधायचं तर डोळ्यांनीच. याच मध्य प्रदेशच्या याद्या शोधता येतील अशा रूपात द्या म्हणून काँग्रेसचे कमलनाथ २०१८ साली सुप्रीम कोर्टात गेले होते. मतदारांची माहिती कुणी चाळत बसू नये, असं निवडणूक आयोगाचं म्हणणं. कोर्टानं अर्ज फेटाळला आणि सुचवलं की हवं तर अर्जदारानं स्वतः श्रम घेऊन यादीला तसं रूप द्यावं. आमच्या वॉर्डापुरते ते श्रम म्हणजे मी.

चित्रातली अक्षरं वाचणारं टेसरॅक्टही फुकटच. ते मुळात एचपी कंपनीचं, २००५ साली सर्वांना खुलं झालेलं. रात्री त्याला कामाला लावून झोपलो, सकाळी पाहतो तर 'पति' आणि 'पिता' यांतला फरक त्याला मान्य नव्हता, त्यामुळे वॉर्डातले कित्येक नवरे आपापल्या बायकांचे वडील झाले होते, घर नंबर वयाच्या रकान्यात शिरल्यानं एक आजोबा तीनशे बारा वर्षांचे निघाले, आणि हे निस्तरायला बसवलेल्या पोरांनी सगळ्या दुरुस्त्या इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवणाऱ्या कृतिदेव फाँटात केल्यानं माझ्या संगणकावर देवासचं 'एन-एस-ओ-के-एल' झालं. कंपनीचं ॲप बिघडलं तर ओरडायला कंपनीचा एक मुलगा तरी असतो. इथे तो मुलगा मीच होतो.

मतदानाच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन टेबल मांडलं. लोक येत, मी शोधत असे, लोक जात. दुपारी माझं स्वतःचं नाव शोधलं, तर माझ्या यादीत मीच नव्हतो. बूथवर तीन खोल्या, रांगा लांब, ऊन-पावसाचा खेळ चाललेला. शेवटी भाच्याची नजर चुकवून समोरच्या उमेदवाराच्या टेबलावर गेलो. तिथल्या पोरानं मोबाईल नंबर विचारला, बोट फिरवलं, पर्ची हातात ठेवली. माझं मत भाच्यालाच पडलं, देवाशपथ. पण संध्याकाळी सगळे चहाला बसलेले असताना माझा फोन वाजला, आणि चष्मा सापडेना म्हणून मी तो भाच्याकडेच वाचायला दिला. विरोधी उमेदवाराचा हसरा फोटो, आणि खाली 'आमच्या परिवाराचे सदस्य' म्हणून माझे नावानिशी आभार.

तरी माझं मत बदललेलं नाही. त्या ॲपची मुदत निवडणुकीबरोबर संपली, आणि पैसे मोजणाऱ्यालाही आता आतली माहिती उघडता येत नाही असं ऐकतो. माझी यादी मात्र माझ्याकडे शाबूत आहे, सगळ्या नवऱ्या-वडिलांसकट. तुमच्यापैकी कुणी पुढच्या वेळी उभं राहणार असेल तर येऊन घेऊन जा, फुकट देईन. फक्त येताना भाच्याच्या गल्लीतून येऊ नका.