घोंगडं भिजतंय कुठं?

मराठी वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा तरी कशाचं ना कशाचं घोंगडं भिजत पडलेलं असतं. कधी पुलाचं, कधी नोकरभरतीचं, कधी महामंडळाच्या नेमणुकांचं. मथळा देणाऱ्या उपसंपादकानं कोरडं घोंगडं तरी कधी हातात धरलंय का, असं विचारू नये. बिचारा एसी लावून मऊ ब्लँकेटात झोपतो.

मुळात घोंगडी ही आपण भिजू नये म्हणून घ्यायची वस्तू. पाऊस आला की मेंढका तिची खोळ करून डोक्यावर घेतो. लोकरीच्या तेलकटपणामुळं पाणी बराच वेळ वरच्यावर ओघळून जातं. पण एकदा का ती भिजली, की उचलवत नाही आणि चार दिवस वाळत नाही. सरकारी कामाला ही उपमा देणाऱ्याला दोन्हींचा दांडगा अनुभव असणार.

दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ. ती कातरायची, पिंजायची, धनगरांच्या बायकांनी तिचं सूत काढायचं, मग ते घोंगडी विणणाऱ्या सनगराच्या खड्डामागावर चढायचं. ताण्याला खळ चिंचोक्याची: चिंचोके वाटून, शिजवून कुंच्यानं सुतावर फासायचे, की सूत ताठ होतं, तुटत नाही. रंगाचा प्रश्नच नाही. मेंढी काळी तर घोंगडी काळी. शहरातल्या प्रदर्शनात आता हिला 'सस्टेनेबल' म्हणतात आणि किमतीत एक शून्य वाढवतात. शिवाय ती टोचते! इतकी वर्षं हा तिचा दोष होता, आता त्याला अ‍ॅक्युप्रेशर म्हणतात. कंबर, गुडघे, झोप, सगळ्यावर एकच इलाज. आमच्या आजीलाही ती टोचायची. तिचे गुडघे शेवटपर्यंत दुखले.

घोंगडीला खरा भाव येतो तो मात्र निवडणुकीत. डोक्याला पिवळा फेटा, कपाळाला भंडारा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, कडेवर एखादं भेदरलेलं कोकरू. काढा फोटो. 'घोंगडी बैठक' हा तर आता राजकारणातला रीतसर कार्यक्रमच झालाय. खांद्यावरची ती घोंगडी सनगराच्या मागावरची, की परदेशातले जुने स्वेटर फाडून त्याच्या सुतावर पानिपतात विणलेली, हे कुणी उलटून बघत नाही. धनगरांच्या आरक्षणाचा प्रश्न अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'धनगड' शब्दापाशी, म्हणजे र आणि ड या दोन अक्षरांत, वर्षानुवर्षं अडकलाय. दोन अक्षरांचं एवढं मोठं घोंगडं अख्ख्या महाराष्ट्रात दुसरं नसेल. नेत्याचं भाषण संपतं, खांद्यावरची घोंगडी पीएच्या हातात जाते. उन्हाळ्यात टोचते हो.

इकडं मेंढरांनीच लोकरीचा नाद सोडलाय. म्हणजे सोडायला लावलाय. पैसा मटणात आहे, त्यामुळं कळपात भराभर वाढणारी जात हवी. जत तालुक्यातली माडग्याळी बघा: उंच, राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक, अंगावर लोकर नावापुरती. २०२० साली आटपाडीतल्या अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली, तर मालकानं दीड कोट सांगितले. नाकाला एवढा भाव असल्यावर पाठीवरच्या केसांकडं कोण बघतो? आणि ग्राहकाला मऊ लोकर हवी म्हणून आपण मेरिनो ऑस्ट्रेलियातून मागवतो.

ज्यांच्याकडं अजून दख्खनी मेंढ्या आहेत, त्यांना कातरणी चुकत नाही. नाही कातरलं तर जनावराला उकाडा, गोचीड, कातडीचे रोग. पण कातरणाऱ्याची मजुरी देऊन झाली, की लोकरीतून तेवढेही सुटत नाहीत. घ्यायला व्यापारी येत नाही, विणायला सनगराचं पोर बसत नाही. ते गेलं मुंबईला.

मग लोकर तिथंच बांधावर टाकून कळप पुढं निघतो. पहिल्या पावसात ती भिजते.