चौसष्टकाका

वकीलसाहेबांच्या या जुन्या कारकुनाला ऑफिसात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नाही. हयात टायपरायटर बडवण्यात गेली आणि निवृत्तीच्या तोंडावर काकांना हॅशचा नाद लागला. कुठलीही फाइल एसएचए-२५६च्या गणितातून काढली की ६४ अक्षरांचा ठसा मिळतो, तोच हॅश. फाइलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. हे कळल्यापासून काकांचा माणसांवरचा विश्वास उडाला, तो थेट या ६४ अक्षरांवर जाऊन बसला.

अशिलाला कुलूपबंद फाइल मेलने जाते, पासवर्ड एसएमएसने, आणि हॅश काका जातीने फोनवर वाचतात. "मेलमध्येच लिहा की," असं कुणी सुचवलं तर चष्म्यावरून बघत विचारतात, "फाइल बदलणारा शेजारचा हॅश बदलायला विसरेल होय रे?" मग सुरू. "सात, अकोल्याचा ए, तीन, धुळ्याचा डी, फलटणचा एफ..." एकदा पलीकडचा म्हणाला, "काका, फलटण पीने लिहितात." काका शांतपणे म्हणाले, "इथे शून्य ते नऊ आणि ए ते एफ, एवढाच कारभार. पी येणारच नाही. लिहा." आणि मध्ये व्यत्यय आला म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अहो, फाइलला कुलूप आहे ना?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं: "कुलपाने आतलं कुणाला वाचता येत नाही. वाटेत मोडतोड झाली नाही, याची हमी वेगळी घ्यावी लागते."

ही वेगळी हमी एकदा कामी आली. सीसीटीव्हीची कुलूपबंद फाइल जुन्या एफटीपीवरून आली. पासवर्ड बरोबर, पण फाइल उघडेना. ज्युनिअर वकील तोच पासवर्ड नाना तऱ्हांनी टाइप करून घामाघूम. काकांनी दोन्हीकडचे हॅश एकाखाली एक लिहिले, तिसऱ्याच अक्षराला बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही ती फाइलच नव्हे." झालं होतं असं, की फाइल टेक्स्ट मोडमध्ये उतरवली होती. ओळ संपल्याची खूण दिसली की हा मोड ती आपल्या मशीनच्या रीतीप्रमाणे बदलतो. कुलूपबंद फाइलमध्ये ओळी कुठल्या असायला! पण त्या खुणेसारखा दिसणारा प्रत्येक बाइट त्याने इमानेइतबारे 'सुधारला' होता. बायनरी मोडमध्ये पुन्हा उतरवली, हॅश जुळला, फाइल उघडली. काका दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. नुसते हसत होते. ते जास्त जाचक होतं.

१ जुलै २०२४ला भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातल्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागा आहे हे बघून काकांनी पेढे वाटले. दुसरा पेढा तोंडात असतानाच त्यांना हॅश काढायच्या पद्धतींच्या पर्यायांत एमडी५ दिसलं. "२००४ साली चिनी संशोधकांनी दोन वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ काढून दाखवला, आणि आपल्याकडे ते अजून चालतंय!" उरलेले पेढे डब्यात परत गेले.

माणूस छळवादी आहे, पण त्याचं म्हणणं खोटं नाही. महत्त्वाची फाइल पाठवाल तेव्हा हॅश वेगळ्या वाटेने पाठवा आणि समोरच्याला तो जुळवून बघायला लावा. फक्त काकांचा फोन येणार असेल, तर आधी जेवून घ्या.